डागी मडकी

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. आमचा किनारा तापीचा. शहादा तालुक्यात प्रकाशा गावाच्या आसपास पिवळट गाळाच्या उभ्या दरडी आहेत, पावसाने कापलेल्या घळी आहेत. त्यांचे रंग मडक्यावर उतरावेत म्हणून मी धुराच्या भाजणीच्या नादी लागलो.

मडकं घडतं कुंभारमामांच्या चाकावर. ते सुकत आलं की मी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटतो. मधले काही पट्टे मुद्दाम खरबरीत सोडतो, कारण घोटलेल्या जागी धूर चकचकीत बसतो आणि बाकी ठिकाणी मंद. मामांच्या आव्यात एकदा भाजून झालं की पत्र्याच्या डब्यात लाकडाचा भुसा, गोवऱ्यांचा चुरा आणि मडक्याभोवती केळीची सुकी पानं. वरून पेटवायचं, ज्वाळ बसली की झाकण घालून फटी चिखलाने लिंपायच्या. हवा तुटली की भुसा जळत नाही, धुमसतो. त्याची काजळी मातीच्या छिद्रांत शिरते. जिथे फट राहते तिथे माती तांबडीच राहते. केळीच्या पानांच्या शिरा कधीकधी घळींसारख्या उमटतात.

मामांनी एकच बजावलं होतं, "मिरचीचे देठ घालू नका, भाऊ." नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर ते हवे तेवढे मिळतात, पण त्या धुराने सगळी गल्ली खोकत बाहेर येईल.

धुराने माती काळी करण्याची विद्या इथे नवी नाही. 1954-55 साली पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी प्रकाशाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, उत्खनन केलं, तेव्हा काळी-तांबडी भांडीही निघाली: आतून आणि काठाला काळी, बाहेर खाली तांबडी. अशी भांडी पालथी घालून भाजत, असं अभ्यासक मानतात. तोंडाकडे हवा पोचत नाही, म्हणून तिथे काळं.

मामांचं कसब नेमकं उलटं. आव्यात धूर कोंडू न देता सगळा माल एकसारखा लाल काढायचा. काळा डाग पडलेलं मडकं गिऱ्हाईक उचलत नाही. ते डागी म्हणून स्वस्तात जातं. माझ्या मडक्यांत पाणी ठेवता येत नाही, ती झिरपतात, तरी लोक मागतात याचं त्यांना नवल वाटायचं.

परवा त्यांच्याकडची डागी मडकी मी वेचून घेतली आणि नेहमीचा कमी भाव पुढे केला. मामा म्हणाले, "तुम्हाला डागच पाहिजे ना? मग पूर्ण भाव द्या." दिला.