अंबाजोगाईला जाल तेव्हा

बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले अंबाजोगाई हे बीड जिल्ह्यातले जुने गाव. निजामाच्या राजवटीत त्याला मोमिनाबाद म्हणत. योगेश्वरीच्या देवळात कोकणातूनही माणसे येतात. जयंती नदीकाठी हत्तीखाना लेणी आहेत. दगडात कोरलेले हत्ती पाहून मुले हरखून जातात. गावाबाहेर डोंगरात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. पाहुणे आले की हे सारे आपण हौसेने दाखवतो. पण कष्टकरी माणसाने नीट पाहून ठेवावी अशी आणखी एक जागा या गावात आहे.

ती जागा म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय. हे महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. बाळंतपण, सर्पदंश, अपघात, सगळ्यांसाठी आसपासच्या तालुक्यांतून लोक येथे येतात. मात्र येथेच मानसोपचार विभागही आहे, हे किती घरांत ठाऊक असते? ठाऊक असले तरी "तिकडे वेडे जातात" म्हणून आपण पाऊल मागे घेतो.

बंधू-भगिनींनो, तिकडे जाणारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच असतात. झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातापायाला घाम सुटतो, जीव घाबरा होतो. कधी उगाच रडू येते, तर कधी लेकरांवर राग निघतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, कामात लक्ष लागेना, तर डॉक्टरांना दाखवावे. अंगात रक्त कमी असले किंवा थायरॉईडचा त्रास असला तरी असे होते, म्हणून आधी तपासणी हवी. अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे यांत पैसा जातो, दिवस जातात आणि दुखणे वाढते.

आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ. मुकादमाची उचल फेडायची, गावी ठेवलेल्या लेकरांची काळजी, पहाटेपासूनचे काम. असा घोर कितीही धीराच्या माणसाला पोखरतो. त्यात एक चूक हमखास होते. मनाच्या आजारावरील बऱ्याच गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. गुण दिसेना म्हणून कोणी त्या सोडतो, बरे वाटले म्हणून कोणी सोडतो आणि कोणी फडावर गेल्यावर संपल्या म्हणून. मग दुखणे उलटते. तेव्हा कोयता उचलण्याआधी डॉक्टरांना सांगा, "आम्ही इतके महिने बाहेर राहणार." केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी सोबत ठेवा, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ती दाखवता येते.

घरीही काही करता येते. संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. तंबाखू आणि दारूने घटकाभर बरे वाटते, पण झोप बिघडते आणि घबराट वाढते. घबराट आली की बसून सावकाश श्वास सोडावा. बहुधा काही मिनिटांत ती ओसरते. छातीत पहिल्यांदाच कळ आली, तर मात्र हृदयाची तपासणी आधी.

जिवाचे बरेवाईट करण्याची गोष्ट घरात कोणी काढली, तर "नाटक करतो" म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये, लगेच रुग्णालय गाठावे. १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस' क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. त्यावर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलता येते.

पुढच्या वेळी बाजाराला अंबाजोगाईला जाल, तेव्हा मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष कोठे आहे आणि कोणत्या वेळेत चालतो, एवढे विचारून या. गरज कोणत्या घरी पडेल, सांगता येत नाही.