गडग्याच्या आतले रान

कोकणात वरकस म्हणजे बिनकामाची जमीन, असे धरून चालतात. खेड तालुक्यातला आमचा डोंगरउतार तसाच. कधीकाळी तिथे नाचणी-वरी पिकत असे, पुढे नुसते गवत आणि गावची गुरे. वालिदांच्या इंतकालानंतर सातबाऱ्यावर आम्हा सहा भावंडांची नावे लागली, चार भाऊ आणि दोन बहिणी. कुणी म्हणाले काजू लावू, कुणी म्हणाले विकून टाकू. धाकट्या बहिणीने मात्र सांगितले, "माझा हिस्सा रानासाठी ठेवा." तिच्या त्या शब्दाने आम्ही सारेच विचारात पडलो.

रान करायचे म्हटले की लोक रोपे आणायला धावतात. पण वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भूमीला झाडे वाढवायला शिकवावे लागत नाही. बंदोबस्त करावा लागतो तो वणव्याचा आणि गुराढोरांच्या तोंडाचा. राबासाठी, लाकडासाठी तोडलेल्या ऐन-किंजळीचे खुंट जमिनीत जिवंत होतेच. दरवर्षी फुटत, दरवर्षी खुडले जात. आम्ही दगडाचा गडगा घातला, पाऊस सरल्यावर कडेचे गवत काढून जाळपट्टा ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात फुटवे कमरेला लागले. बुलबुलांनी टाकलेल्या बिया करवंदीच्या जाळीत रुजल्या. काट्यांआड त्यांना आपोआपच राखण मिळाली.

जे आपसूक येईना, ते लावले. झटपट हिरवे दिसेल म्हणून ऑस्ट्रेलियन अकेशियाचा आग्रह झाला, पण त्याचा ना पाखरांना फळ म्हणून उपयोग, ना गुरांना पाला म्हणून. आम्ही बेहडा, कुसुंब, जांभळाचे बी आणले ते गावच्या कब्रस्तानातून. शेजारच्या हिंदू वाडीच्या देवराईसारखीच तिथेही कुऱ्हाड चालत नाही, म्हणून जुनी झाडे तिथेच उरली आहेत. जांभळाचे बी ताजेच पेरावे लागते. ठेवले की वाया गेले.

गावातल्या जाणत्यांनी बजावले, "रान वाढवाल तर सरकारजमा होईल." 30 ऑगस्ट 1975 रोजी खासगी वने संपादनाचा कायदा लागू झाला, तेव्हापासूनची ही भीती. तिला उगीच म्हणता येत नाही. पण भीतीपोटी डोंगर बोडका ठेवणे आमच्या मनाला पटेना.

खरा पेच वेगळाच होता. वाडीतली एक विधवा मावशी चार शेळ्यांवर घर चालवायची. गडगा बघून ती म्हणाली, "तुमचा रान व्हल, पन माज्या शेल्यांनी खावाचा काय?" जमीन आमची होती, कागद आमचे होते. तिच्या प्रश्नाला मात्र कागदात उत्तर नव्हते.

अरबस्तानात इस्लामपूर्व काळी बलदंड सरदार चांगली कुरणे स्वतःसाठी अडवून ठेवत. त्याला हिमा म्हणत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अशी खासगी मक्तेदारी बंद केली. हिमा राहिली ती समाजाच्या कामासाठी. पुढे हजरत उमर (र.) यांनी राखणदाराला सांगितले की थोडक्या जनावरांच्या गरिबाला आत येऊ दे आणि धनवंतांचे कळप बाहेर ठेव, त्यांची जनावरे मेली तरी त्यांना शेते आणि खजुराच्या बागा आहेत. बुखारी शरीफमधली ही रिवायत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आता तिचा अर्थ आमच्याच दारात उभा होता.

आम्ही भावंडे बसलो आणि ठरवले. खालचा तिसरा हिस्सा उघडा ठेवायचा. गडग्याच्या आतले गवत ज्यांना जमीन नाही त्यांनी विळ्याने कापून न्यावे, पैसा घ्यायचा नाही. मोठ्या गोठेवाल्यांना आणि आमच्या स्वतःच्या गुरांना मात्र आत मज्जाव. काही नातेवाईक हसले.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाने वणवा आला. आम्ही पोचेपर्यंत वाडीतली माणसे ओले टहाळे घेऊन जाळपट्ट्यावर उभी होती. झाड लावणे हा सदका आहे, त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी सवाब मिळतो, असे आपण मानतो. त्या दिवसापासून आम्हाला वाटते, सदका करताना आधी कुणाचा हक तर बुडत नाही ना, एवढे पाहिले तरी रान टिकते.