पायधुनी ते हिंदमाता : बुजलेल्या पाण्याची यात्रा

चातुर्मास संपला की साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि श्रावकांची पावलेही यात्रेकडे वळतात. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथे राहणारे चार व्यापारी मित्र दरवर्षी याच सुमारास दुकान मुलांवर सोपवून चार दिवस कोठेतरी जातात. चौघेही एकाच शाळेचे विद्यार्थी. एकमेकांना आडनावाऐवजी वस्तीच्या नावाने हाक मारण्याची तेव्हाची सवय साठी उलटल्यावरही सुटलेली नाही.

गेल्या वर्षी ते केरळातील आलप्पुळा येथे गेले होते. अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी ते बंदर वसविले. वेंबनाड सरोवराच्या बाजूने येणारा माल बंदरापर्यंत नेता यावा म्हणून कालवे खोदविले आणि गुजरात-कच्छकडील व्यापाऱ्यांना तेथे पेढ्या घालण्यास बोलाविले. त्या व्यापाऱ्यांची आठवण सांगणारा गुजराती रस्ता आणि जिनमंदिर आजही तेथे आहे. कालव्यातून जाताना होडीवाल्याने सहज विचारले, "तुमच्या मुंबईत असे पाणी नाही का?" चौघांनी एका सुरात "नाही" म्हणून सांगितले.

परत आल्यावर गिरगावकरांना ते उत्तर बोचू लागले. मुंबई मुळात सात बेटांची. मग बेटांमधले पाणी गेले कोठे? तेव्हा या वर्षी बाहेरगावी न जाता कार्तिकी पौर्णिमेचा दिवस आपल्याच शहराचे पाणी शोधण्यात घालवावा, असे ठरले. दादरकरांना तसेही लांब जाणे शक्य नव्हते. हिंदमाताजवळचे कापडाचे दुकान विकून व्यापार भिवंडीला न्यावा, असा मुलाचा आग्रह होता. पाडव्याला द्यावयाचे उत्तर पौर्णिमेपर्यंत लांबले होते.

सकाळी नवकारशी आटोपून चौघे पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांच्या देरासरात भेटले. 1812 साली प्रतिष्ठा झालेले हे देरासर मुंबईतील आपल्या समाजाच्या जुन्या ठिकाणांपैकी एक. दर्शन झाल्यावर गिरगावकरांनी सर्वांना रस्त्याकडे पाहावयास लावले. हातगाड्या, हमाल आणि गाठोडी यांच्या त्या गर्दीत पाण्याचा मागमूस नव्हता. पण नावात तो शिल्लक आहे. मुंबई बेट आणि माझगाव यांच्यामधली खाडी ओहोटीच्या वेळी ओलांडून आलेला माणूस येथे पायांचा चिखल धुवीत असे, म्हणून हे पायधुनी, अशी जुनी समजूत आहे. पलीकडच्या उमरखाडीच्या नावात तर खाडी उघडच आहे.

"म्हणजे शेठलोक पाय धुऊनच पेढीवर यायचे," लालबागकर म्हणाले.

"आणि आपण गाडीतून उतरतो," परळकरांनी जोड दिली.

तेथून भेंडीबाजारातून चालत ते भायखळ्याला आले. शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. ज्यांना पालिताण्याला जाता येत नाही, ते मुंबईकर या दिवशी भायखळ्याच्या आदीश्वर देरासरात येतात. त्यामुळे रांग रस्त्यापर्यंत आली होती. हे देरासर मोतीशा शेठ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बांधविले. मोतीशांची जहाजे चीनपर्यंत जात. मुंबईत 1834 साली पांजरापोळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये जमशेदजी जीजीभॉय यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे. शत्रुंजयावर दोन शिखरांमध्ये कुंतासर नावाची खोल दरी होती. ती भरून काढून त्यांनी तेथे मंदिरांची टूंक उभारविली. प्रतिष्ठा पाहण्यापूर्वीच, 1836 मध्ये, त्यांचे निधन झाले आणि पुढचे कार्य मुलाने पूर्ण केले.

रांगेत उभ्या उभ्या दादरकरांनी विचारले, "दरी भरून मोतीशांनी मंदिर बांधले. मुंबईची खाडी भरून आपण काय बांधले?"

"बाजार," गिरगावकर म्हणाले. "चल, भरली कशी ते दाखवतो."

पौर्णिमेला मुंबईची मोठी भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. ती वेळ साधून मित्रांनी हाजीअली गाठले. समुद्र बांधाशी आदळत होता. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये पूर्वी मोठे खिंडार होते. त्यातून भरतीचे पाणी आत शिरे आणि ताडदेव, भायखळा, उमरखाडी असे पसरत थेट पायधुनीपर्यंत जाई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने हे खिंडार बंद करण्याचे काम हाती घेतले. कंपनीच्या लंडनमधील संचालकांना हा खर्च मान्य नव्हता, तरी 1784 च्या सुमारास बांध पुरा झाला. तोच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग. बांध होताच आतली दलदल हळूहळू सुकली, भराव पडले, रस्ते झाले आणि वस्ती आली. महालक्ष्मीचे रेसकोर्स, ताडदेवच्या चाळी, कामाठीपुरा हा सारा भाग पूर्वीच्या पाण्याच्या जागेवर आहे. आता तर बांधाच्याही पलीकडे किनारी रस्ता झाला असून समुद्र आणखी मागे सरला आहे.

परळकरांची शंका व्यापाऱ्याची होती. समुद्र बाहेर अडवला, पण आत पडणाऱ्या पावसाने जावे कोठून? त्याचे उत्तर जवळच होते. शहराच्या पर्जन्यवाहिन्या समुद्रात जेथे उघडतात, ती अनेक तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असताना पावसाचे पाणी बाहेर पडत नाही; उलट समुद्रच आत येऊ पाहतो. म्हणून हाजीअली, वरळीचे लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर आणि रे रोडकडील ब्रिटानिया येथे उदंचन केंद्रे उभारली आहेत. दारे लावून समुद्र अडवायचा आणि आतले पाणी पंपांनी उचलून बाहेर टाकायचे, असे तेथील काम. पूर्वी भरती-ओहोटी जे काम फुकट करीत होती, त्यासाठी आता वीज जाळावी लागते.

समुद्राकडे तोंड करून चौघांनी डबे उघडले. पौर्णिमेची तिथी म्हणून हिरवी भाजी नव्हती. थेपले, मुगाची उसळ, खाखरे आणि थर्मासमधले उकळलेले पाणी एवढेच होते.

दुपारी ते परळच्या हाफकिन संस्थेवरून गेले. याच वास्तूत एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होते आणि खिंडार बुजविणारा हॉर्नबीही येथे राहिला होता. प्लेगच्या काळात, 1899 मध्ये, डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा तेथे आली. परळकरांचे सारे आयुष्य या भिंतीशेजारी गेले, पण खिंडार आणि वास्तू यांचा हा संबंध त्यांना त्या दिवशीच कळला.

मग हिंदमाता आले. हा भाग बशीसारखा सखल आहे. चारी बाजूंचे पावसाचे पाणी येथे उतरते आणि भरतीच्या वेळी अडून बसते. अलीकडे दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठविण्यासाठी मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पाऊस आणि भरती एकत्र आली की पाणी तेथे धरून ठेवायचे आणि ओहोटीला सोडायचे.

दादरकरांनी दुकानातील कपाट बाजूला करून भिंतीवरची रेघ दाखविली. 26 जुलै 2005 ची ती खूण. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. पेटीवर उभे राहून हमालांनी ठाणे वरच्या फळीवर चढविली, तरी निम्मा माल गेला. त्यानंतर दादरकरांनी उंबरठा दोन वेळा उंच केला.

लालबागकर बाहेर उभे होते. पायाखालची सिमेंटची रुंद पायरी त्यांनी चपलेने ठोकून पाहिली. "अरे, ही खाली पोकळ कशी?"

दादरकर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "खाली गटाराची जाळी आहे. 2005 नंतर मीच तिच्यावर पायरी बांधून घेतली. पाणी दुकानात चढू नये म्हणून."

"आणि शेजाऱ्याच्या?" गिरगावकरांनी हळूच विचारले.

संवत्सरीला सर्वांबरोबर त्या शेजाऱ्यालाही "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले जाते, तेव्हा ही पायरी दादरकरांना कधी आठवली नव्हती. पाणी गाळून आणि उकळून पिणारा माणूस त्याच पाण्याच्या वाटेवर दगड ठेवून निश्चिंत बसला होता.

सूर्यास्ताला तासभर असताना ते शिवडीला जाऊन आले. ओहोटी लागली होती. हिवाळा सरकला की येथे रोहित पक्षी उतरतात. त्या दिवशी नुसता चिखल चमकत होता, दूरवर पसरलेला. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी पायधुनीला पाय धुणाऱ्यांनी ओलांडला तो असाच असावा.

लालबागकरांच्या घरी चौविहाराची घाई चालू होती. जेवताना दादरकरांनी मुलाला फोन लावला. "दुकान ठेवायचे की विकायचे, ते तू आणि मी रविवारी बसून ठरवू," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी गवंड्याला बोलाव. पुढची पायरी तोडायची आहे."

पलीकडून मुलाने विचारले असावे, की दुकान विकायचेच असेल तर हा खर्च कशाला.

"जो कोणी येथे बसेल, त्याच्याही शेजारी शेजारी असेलच ना," दादरकर म्हणाले आणि सूर्य मावळण्यापूर्वी त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला.