मागचा दिवा कोणासाठी?

विषय वरवर पाहता किरकोळ आहे. गाडीच्या मागच्या दिव्यांवर मारलेला काळा स्प्रे आणि दिवा खराब न करता तो काढण्याची पद्धत. परंतु किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींतच आपली विचार करण्याची सवय उघडी पडते. म्हणून या विषयावर सविस्तर लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी मूळ प्रश्न. मागचा दिवा कोणासाठी असतो? गाडी चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. म्हणजे 'आमची गाडी, आमचा पैसा, आम्ही काहीही करू' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. दिवा आपल्या गाडीला जोडलेला असला तरी त्याचा उजेड हा दुसऱ्याचा हक्क आहे. आणि तो दुसरा बहुधा कोण असतो? पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूस, रात्री पार्सल पोहोचवणारा पोरगा, सेकंड शिफ्ट सुटल्यावर दुचाकीवरून घरी परतणारा कामगार. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा होता. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवच नाही, तोच आधी मरतो.

काहीजण म्हणतात, 'स्प्रे मारला तरी लाईट दिसतेच की!' दिसते, पण किती? साध्या बल्बच्या गाडीत मागे बहुतेक वेळा दोन तारांचा बल्ब असतो. रात्रीच्या दिव्यासाठी ५ वॅटची तार आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. या दोन उजेडांतल्या फरकावरूनच मागच्याला कळते की पुढची गाडी थांबते आहे. काळा थर चढला की ब्रेकचा लाल साध्या दिव्याइतकाच मंद वाटू लागतो. भर उन्हात तर तो पेटला की नाही हेच कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा माणूस एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे येतो. त्याचा तो एक सेकंद आपण आपल्या हौसेपायी हिसकावून घेतो.

रिफ्लेक्टरचे गणित आणखी वाईट आहे. तिथे मागच्या गाडीचा उजेड थरातून आत जातो आणि पुन्हा थरातूनच बाहेर येतो. थराने निम्मा उजेड अडवला, तर परत येतो फक्त पाव. अंधारात बंद पडून उभ्या असलेल्या गाडीचा रिफ्लेक्टर हाच एकमेव आधार असतो. गाडीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिव्यावरचा काळा रंग मात्र आजही 'लूक' म्हणून मिरवला जातो.

आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी गाडी घेतली. तिचे मागचे दिवे आधीच्या मालकाने काळे करून ठेवलेले होते. नवे दिवे घ्यायचे तर काही हजारांचा खर्च. म्हणून गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, थिनर मारतो, चकाचक होईल." आम्ही म्हणालो, "दादा, आधी भंगारातल्या तुकड्यावर मारून बघू." त्यांनी फुटलेल्या लाल लेन्सचा तुकडा काढला आणि थिनरचा बोळा फिरवला. काळा रंग निघाला, पण खालचे प्लास्टिक चिकट झाले. वाळल्यावर ते दुधाळ दिसू लागले आणि उजेडात धरले तर बारीक तडे. मिस्त्रींनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि थिनरची बाटली स्वतःच बाजूला ठेवली.

याचे कारण साधे आहे. मागच्या दिव्याची लेन्स बहुतेक वेळा अॅक्रिलिकची असते आणि थिनर, अॅसिटोन, नेलपेंट रिमूव्हर अॅक्रिलिकलाच विरघळवतात. पेट्रोलचा बोळाही टाळावा; त्यानेही तडे जाऊ शकतात, शिवाय आगीचा धोका. 'सगळे असेच करतात' हे कुठल्याही गोष्टीचे प्रमाण होऊ शकत नाही. तपासून पाहणे हेच प्रमाण.

मग आम्ही काय केले? दिवा स्वच्छ धुतला. भोवतीच्या बॉडीच्या रंगाला आणि रबराला मास्किंग टेप लावली. आधी कडेला नखाने खरवडून पाहिले, कारण काही थर फिल्मचे किंवा सोलून निघणाऱ्या रबरी रंगाचे असतात. ते हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू ओढले तरी सुटतात. आमचा थर पक्का होता. म्हणून १००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवला आणि हलक्या हाताने, एकाच दिशेने घासायला सुरुवात केली. कोरडे कधीही घासू नये.

इथे पाण्याच्या रंगावर लक्ष ठेवावे. आधी पांढरट पाणी आले. ती वरची क्लिअर कोटिंग. मग काळे आले, तो स्प्रे. काळे संपून लालसर दिसू लागले की समजायचे, आता लेन्स घासली जाते आहे, तिथेच थांबायचे. लाल रंग प्लास्टिकच्या अंगातच असतो, त्यामुळे तो उडून जाईल ही भीती नको. त्यानंतर १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा पेपर. या टप्प्यावर दिवा धुरकट दिसतो, घाबरू नये. मऊ कापडावर रबिंग कंपाऊंड घेऊन हाताने घासले, मग पॉलिश आणि शेवटी वॅक्सचा हात. मशीनने बफिंग करायचेच असेल तर एका जागी दाबून धरू नये. उष्णतेने अॅक्रिलिक मऊ पडते. दोन दिव्यांना आमचा एक अख्खा रविवार गेला.

शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची. भर दुपारी एकाने ब्रेक दाबला आणि बाकीचे पन्नास पावलांवर जाऊन उभे राहिले. शेजारी त्याच मॉडेलची, स्प्रे न मारलेली गाडी उभी केली आणि दोन्हींचा लाल ताडून पाहिला. सारखा दिसला तेव्हाच काम संपले असे मानले. फरक राहिला असता, किंवा लेन्सला आधीच तडे असते, तर खर्च सोसून दिवाच बदलणे योग्य ठरले असते. तडा गेलेल्या लेन्समधून पाणी आत जाते आणि बल्बचा होल्डर गंजतो.

आज अनेक तरुण आपल्या कमाईची पहिली गाडी घेतात. ती सजवावी वाटणे यात गैर काहीच नाही. सीट कव्हर बदला, म्युझिक सिस्टीम लावा. पण ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, ती आपल्या हौसेची वस्तू नव्हे. तुमच्या गल्लीत काळ्या दिव्यांची गाडी उभी असेल, तर तिच्या मालकाशी भांडू नका. वॉटर पेपर आणि साबणाचे पाणी घेऊन जा आणि त्याच्यासोबत कामाला बसा.