गाडी डावीकडे, मी उजवीकडे

जुलैतल्या एका रात्री ऑफिसमधून परतताना बाणेर रोडवर माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक पाण्याखालच्या खड्ड्यात गेलं आणि गाडी थेट फुटपाथवर चढली. मला साधं खरचटलंही नाही. चाक मात्र पाय मुरगळल्यासारखं तिरकं झालं होतं.

लोअर आर्म, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, रिम, बंपर. तीन आठवडे आणि ४२ हजार रुपये. (इन्शुरन्सने किती दिले ते विचारू नका!) गाडी चकाचक होऊन आली आणि मोकळा रस्ता लागताच हळूच डावीकडे सरकायला लागली. सरळ जायचं तर स्टिअरिंग बारा वाजून दोन मिनिटांवर धरून ठेवायचं.

गॅरेजवाला म्हणाला, ‘‘मॅडम, अलाइनमेंट केलंय. रस्त्यालाच डावीकडे उतार असतो.’’ असतो खरा, पाणी वाहून जायला. नवऱ्याने सोसायटीभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं, ‘‘तुझ्या मनात भीती बसलीय.’’ आई म्हणाली, काही दिवस रिक्षाने जा.

आणि मला ते पटलं! मी टेस्टर आहे हो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणणाऱ्या डेव्हलपरला मी रोज पळवून लावते. इथे मात्र माझेच हात थरथरतात असं धरून चालले. एक्स्प्रेस-वेचं नाव काढलं की पोटात गोळा. रिक्षावाले खूश.

दिवाळीआधी हवा भरायला गेले, तर टायरवाल्या काकांनी डाव्या टायरवरून तळवा फिरवला. ‘‘ताई, बाहेरच्या कडेने खाल्लाय. गाडी डावीकडे ओढते ना?’’

मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

काकांनी आधी पुढच्या दोन टायरांची अदलाबदल केली. दोष टायरचा असता तर ओढ उजवीकडे गेली असती. गेली नाही. मग गाडी मशीनवर. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांचे पंजे आत वळलेत की बाहेर, ते हिरवं. गॅरेजवाल्याने तेवढंच जुळवलं होतं. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललंय, तो उजवीकडे जवळपास शून्य आणि डावीकडे अधिक एक अंश. चाकाचा माथा बाहेर झुकलेला. जिकडचं चाक असं जास्त बाहेर झुकतं, तिकडे गाडी जाते.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर चाकाच्या हबला जोडणाऱ्या दोन बोल्टच्या भोकांत जरासा वाव असतो. बसवताना चाक जिकडे ढकललं गेलं तिकडेच आवळलं गेलं होतं. काकांनी बोल्ट सैल केले, माथा आत ढकलून पुन्हा आवळले. लोअर आर्मचा बोल्टही सैल करून, गाडीचा भार चाकांवर असताना नव्याने आवळला. गाडी वर टांगून आवळला की खाली आल्यावर रबरी बुश पिळलेलाच राहतो म्हणे. कॅम्बर हलला की टो बिघडतो, म्हणून शेवटी तोही परत.

पाषाणच्या रिकाम्या रस्त्यावर काका शेजारी बसले. ‘‘सोडा हात.’’

दोन सेकंद सोडले. घाम फुटला. गाडी सरळ.

मशीनचा कागद घरी फ्रिजवर लावलाय. नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘‘कॅम्बर म्हणजे काय गं?’’