सुकडी शोधताना

१९७२च्या दुष्काळावरचा माहितीपट माझ्याकडे संकलनाला आला तेव्हा त्यात मुलाखतींशिवाय फारसं काही नव्हतं. सोलापूर, बीड, धाराशिवकडचे आजी-आजोबा, एकेक जण तास-दीड तास बोललेला. दिग्दर्शकाला सुरुवातीलाच एकामागून एक माणसं फक्त सुकडीबद्दल बोलताना हवी होती. दुष्काळी कामावर मजुरांना तेव्हा खायला सुकडी मिळायची. ती बहुतेकांना आठवत होती, पण कोणाला बोलता बोलता मध्येच, तर कोणाला पार माइक काढता काढता.

पूर्वी असं काम म्हणजे वही मांडीवर घेऊन सगळं फुटेज पाहायचं आणि टाइमकोड टिपत बसायचं. २०२३पासून प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलण्याच्या मजकुरातलं वाक्य निवडून तेवढाच तुकडा टाइमलाइनवर टाकता येतो. आमच्या मराठी मुलाखतींचा मजकूर मात्र वेगळ्या एका यंत्राकडून काढून घ्यावा लागला. तो वेळेसकट मिळाला, हेच मोठं. शब्द टाकला की त्या क्षणावर जाऊन उभं राहता येत होतं.

‘सुकडी’ टाकलं तर जेमतेम काही ठिकाणं सापडली. यंत्राने कुठे ‘सुखडी’ लिहिलं होतं, कुठे ‘चुकली’, आणि एका आजोबांच्या तोंडी चक्क ‘सुपारी’. दात नसलेल्या माणसाची बोली कळायला कान तयार लागतो, तो यंत्राला कुठून येणार? जिथे कोणी गप्प झालं होतं तिथे त्याने आधीचंच वाक्य पुन्हा पुन्हा छापलं होतं. मग आम्ही शेजारचे शब्द धरले : खडी, मुकादम, पाझर तलाव. ‘खडी’ बरी लागली. खडी फोडण्याची गोष्ट निघाली की खाण्याची फार लांब नसते.

सापडलेले तुकडे कागदावर ओळीने लावले तर छान वाचले जात होते. ऐकले, आणि निम्मे बाद. एक आजी म्हणतात, “सुकडी खायाची अन् खडी फोडायची.” कागदावर वाक्य संपलं. आवाज मात्र ‘फोडायची’वर वर चढतो, कारण पुढे लगेच “पोटात लेकरू हुतं तवा” येतं. तिथे कापलं की बाईंचा गळा आवळल्यासारखं वाटतं. दुसरीकडे, मजकूर नीट करताना आमच्या सहायक मुलीने सगळे ‘बगा’ गाळले होते. वाचायला सुटसुटीत झालं, पण माणूस श्वास घेतो तो त्या ‘बगा’नंतरच, आणि कट तिथेच बसतो. ते सगळे परत घालायला लावले.

त्या मुलीमुळेच सगळ्यात चांगली बाइट हाती लागली. मजकूर तपासायला तिने मुलाखती कानाने ऐकल्या होत्या. “ते दिलं की म्या खायाची न्हाई, पदरात बांधून घरी न्यायाची,” असं एक बाई बोलून गेल्याचं तिच्या लक्षात होतं. त्यात ‘सुकडी’ नाही, ‘खडी’ नाही, ‘मुकादम’ही नाही. ती बाइट आता तिसरी लागली आहे.

सुकडीचा भाग दिग्दर्शकाला पसंत पडला. आता त्याला तसाच एक मिलोचा हवा आहे, रेशनवर मिळणाऱ्या त्या लाल ज्वारीचा. यंत्राने ‘मिलो’ ऐकून बहुतेक ठिकाणी ‘मिळालं’ लिहिलंय, आणि दुष्काळाच्या गोष्टीत काय मिळालं नि काय नाही, हे तर प्रत्येक जण दर मिनिटाला सांगतो.