आडनाव काय म्हणलात?

पुण्यातल्या फ्लॅटवर रात्री अकरानंतर मी ‘टॉरेन’ असतो. म्हणजे बैलाच्या तोंडाचा, धरणीमातेला मानणारा गडी! गेम अर्थातच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, २००४ साली आलेला. इथे आधी वंश निवडायचा, त्याच्यासोबत देव आणि पक्ष फुकट. माणसं आणि चंद्रदेवीचे भक्त नाइट एल्फ ‘अलायन्स’मध्ये, ऑर्क, ट्रोल आणि आम्ही बैलोबा ‘होर्ड’मध्ये. एकमेकांची भाषा कळायची नाही, असा गेमचाच नियम. मी ‘लोल’ टाइप केलं, की समोरच्या एल्फला ‘केक’ दिसतं!

गेल्या महिन्यात नांदेडला उतरलो आणि हसू आलं. स्टेशनबाहेर मराठी, दखनी, तेलुगू, पंजाबी सगळं एकदम कानावर. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्याची ही मिसळ. चहावाला तीन भाषांत सुट्टे मागत होता. इथे कुणाचा ‘केक’ होत नाही, बॉस!

मग सचखंड गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला तो इथेच. लंगरच्या पंगतीत माझ्या डावीकडे पंजाबातले सरदारजी, उजवीकडे देगलूरकडची आजी. ओंजळ पुढे केली, पोळी मिळाली. कुणी काही विचारलं नाही.

विचारलं ते लातूरच्या एसटीत. लोहा गेलं, अहमदपूर आलं, शेजारचे काका गप्पांत रंगलेले. ‘‘आडनाव काय म्हणलात?’’ सांगितलं. चाकूरपर्यंत काका खिडकीबाहेरच बघत होते.

लातूरची गंजगोलाई, मधोमध देवीचं मंदिर आणि चहूकडे फुटणारे रस्ते, थेट गेममधल्या राजधानीसारखी वाटते. इथेच मी ‘लातूर पॅटर्न’साठी अकरावीला आलो होतो. आडनाव ऐकून तीन घरमालकांनी ‘‘खोली कालच गेली’’ म्हणून सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. १९७८ साली विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. बाबा तेव्हा कॉलेजात होते. नाव लागलं १९९४ला. त्या दिवसांबद्दल ते अजूनही बोलत नाहीत.

गेममध्ये मला आडनाव नाही, म्हणून तो आवडतो, असं मी सगळ्यांना सांगतो. पण गोलाईत उसाचा रस पिताना वेगळंच आठवलं. २०२२ साली कंपनीने दोन्ही पक्षांना एका पार्टीत खेळायची मुभा दिली. आमच्या ग्रुपमध्ये भांडण पेटलं, ‘‘एल्फ आपल्यात? मग आपली ओळख काय राहिली?’’ असं ठासून लिहिणारा मीच होतो. मी एकाही एल्फशी कधी बोललो नव्हतो.

पुण्यात परतल्यावर त्या रात्री एका एल्फला पार्टीत घेतलं. त्याने मला दोनदा मरणातून वाचवलं. तिसऱ्यांदा मी स्वतःच कड्यावरून पडलो आणि ‘लोल’ लिहिलं.

त्याला ‘लोल’च दिसलं.